स्टॉल नाही त्या विषयाला लेक्चर नाही : सीडीई भरवणाऱ्या कमिटीला भांडुपच्या एका डेंटिस्टचं खुलं पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

सीडीईचे, म्हणजे पास झालेल्या डेंटिस्टनी पुढेही शिकत राहावं म्हणून भरवायचे प्रोग्राम ठरवणाऱ्या कमिटीत तुम्ही जे कोणी आहात त्या सगळ्यांना हे पत्र. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की लोक संस्थेवरच बोलत बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला, आणि खरं सांगायचं तर हे काही एकाच संस्थेचं दुखणं नाही. तुम्हाला बरोबर कळेल. आमच्या डेंटिस्टांच्या ग्रुपवर हा विषय काढला तर "मॅडम, सजेशन नोटेड" एवढंच उत्तर आलं, तेही दोनदा, म्हणून आता चारचौघांत लिहितेय. डेंटिस्ट नसलेल्यांनी पण वाचा, शेवटी चेअरवर तोंड उघडून तुम्हीच बसणार आहात.

झालं असं की गेल्या आठवड्यात या सहामाहीचं शेड्यूल ग्रुपवर पडलं. दर वर्षी कॉलेजच्या हॉलमध्ये अर्ध्या दिवसाचं मेडिकल इमर्जन्सीचं हँड्स-ऑन असायचं, तीनशे रुपये, त्यात चहा आणि वडापाव, ते यंदा गायब. त्याच रविवारी, तेवढ्याच पॉइंट्सना, एअरपोर्टजवळच्या हॉटेलात दिवसभराचं सेशन ठेवलंय, विषय 'यशस्वी प्रॅक्टिस कशी उभारावी', फी सहा हजार पाचशे, लवकर भरली तर पाच हजार. मी फोन करून विचारलं की इमर्जन्सीवालं पुढे ढकललंय का, तर समोरून उत्तर आलं, "मॅडम, त्याला रिस्पॉन्स नसतो, स्पॉन्सर पण मिळत नाही."

स्पॉन्सर मिळत नाही. हे वाक्य मी फोन ठेवल्यावर पण दोन पेशंट होईपर्यंत चघळत होते.

बाहेरच्या लोकांसाठी थोडक्यात सांगते. डेंटिस्ट एकदा पास झाला की विषय संपला असं नसतं, पाच वर्षांत शंभर सीडीई पॉइंट गोळा करायचे असतात आणि रजिस्ट्रेशन रिन्यू करायची वेळ आली की ते दाखवावे लागतात. नियम चांगलाच आहे. शिकलेलं जुनं होतं, हात विसरतात, औषधं बदलतात, त्यामुळे माझा नियमाला काडीचाही विरोध नाही. माझं भांडण आहे ते शंभर पॉइंटांच्या या पिशवीत तुम्ही काय भरताय त्याच्याशी.

आता मी कोण ते सांगते, नाहीतर म्हणाल ही कोण शहाणी. भांडुप स्टेशनपासून पश्चिमेला चालत सात मिनिटांवर, एक फरसाणवाला आणि एक मोबाईल रिपेअरवाला यांच्या मधे माझा गाळा आहे. दोनशे दहा स्क्वेअर फूट, एक चेअर, आणि एक कंप्रेसर जो सुरू झाला की फरसाणवाला इतक्या वर्षांनी अजूनही दचकतो. २००२ ला पास झाले, २००४ पासून इथेच आहे. पेशंट म्हणजे रिक्षावाले, बेस्टचे कंडक्टर, घरकामाच्या बायका, कंपनी बंद पडल्यावर वॉचमनकी धरलेले काका, आणि हल्ली समोर टॉवर झालेत त्यातली आयटीवाली मुलं पण येतात. गाळा भाड्याचा, चेअरचं लोन फिटलंय, आरव्हीजीचं, म्हणजे डिजिटल एक्स-रेच्या मशीनचं, चालू आहे.

इमर्जन्सीच्या त्या तीनशे रुपयांच्या सेशनवर माझा एवढा जीव का, तर त्याला एक कारण आहे. आषाढी एकादशीचा दिवस होता, पाऊस, क्लिनिकमध्ये ओल्या छत्र्यांचा ढीग. साठीचे एक काका खालची दाढ काढायला आले होते. मी विचारलं, काही खाल्लंय का, तर म्हणाले हो हो. उपास आहे हे सांगितलं नाही आणि मला पण त्या दिवशी सुचलं नाही की एकादशी आहे, हो हो म्हणजे सकाळचा अर्धा कप चहा असेल. भुलीचं इंजेक्शन दिलं, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, मागे वळले, तर काकांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा, कपाळावर घामाचे थेंब, डोळे वर. आणि मी उभी. खरंच नुसती उभी होते, किती वेळ ते माहीत नाही, पण आमच्या असिस्टंट ताईंनी चेअरचं बटण दाबून ती आडवी केली आणि काकांचे पाय उचलून धरले तेव्हा मी जागी झाले. मिनिटभरात काका म्हणतात, "झाली का काढून?" साधी चक्कर होती. उपाशी पोट, भीती, आणि सुई बघितली, बस्स.

पण त्या रात्री शटर अर्धं खाली घेऊन मी इमर्जन्सीचा डबा उघडला. अ‍ॅड्रेनालिन, म्हणजे जीवघेण्या अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन, त्याचं अँपुल, काचेची कुपी, चौदा महिन्यांपूर्वी एक्स्पायर झालेलं होतं. ऑक्सिजनचा सिलिंडर होता, त्याची चावी नव्हती, ती अर्ध्या तासानं सापडली ड्रॉवरमध्ये, प्लास्टरच्या मॉडेल्सखाली. ती साधी चक्कर नसती, औषधाची अ‍ॅलर्जी येऊन घसा सुजायला लागला असता, तर मी काय केलं असतं याचं उत्तर मला माहीत होतं, म्हणूनच झोप लागली नाही.

पुढच्या वर्षी मी त्या सेशनला गेले. भूलतज्ज्ञ मॅडम होत्या, स्लाइड्स जेमतेम दहा. त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक अँपुल दिलं आणि म्हणाल्या फोडा. बावीस वर्षं, पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेले लोक, निम्म्यांचे हात थरथरत होते, माझं तर खाली पडून फुटलं. मग अ‍ॅड्रेनालिन मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत, बाहेरच्या बाजूला, पँट काढत बसायचं नाही, घड्याळ बघायचं, अँब्युलन्सला फोन कोण करणार हे आधीच ठरलेलं पाहिजे, हे सगळं प्रत्येकाकडून करून घेतलं. मग पुतळ्यावर छाती दाबणं, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशे वीस. दोन मिनिटांत दंड भरून आले आणि मॅडम म्हणतायत थांबायचं नाही. हे यूट्यूबवर बघून येत नाही हो. आणि एकदा करून पण पुरत नाही, वर्षभरात हात विसरतो, म्हणून मी दर वर्षी जायचे, आणि म्हणूनच "रिस्पॉन्स नसतो" हे मला पटत नाही. गेल्या वर्षी त्या हॉलमध्ये आम्ही चाळीसच्या वर होतो आणि पुतळे होते दोन.

आता तुमच्या यशस्वी प्रॅक्टिसबद्दल. त्याच धर्तीच्या एका सेशनला मी मागच्या वर्षी गेले होते, पॉइंट कमी पडत होते म्हणून. न बघता नावं ठेवत नाहीये. स्पीकर कानाला माईक लावून स्टेजवर फेऱ्या मारत होते. पेशंट म्हणू नका, क्लायंट म्हणा. रेट म्हणू नका, इन्व्हेस्टमेंट म्हणा. "विचार करून सांगतो" असं क्लायंट म्हणाला की तो गेला समजा, त्याला चेअरवरून उठायच्या आत हो म्हणायला लावा. एका तोंडातून किती पैसे निघू शकतात याचं कोष्टक स्क्रीनवर, अठ्ठावीस दात गुणिले अमुक. माझ्या शेजारी डोंबिवलीचे एक डॉक्टर बसले होते, ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "माझ्याकडे तर माणूस आधी किती होणार विचारतो आणि मगच बसतो, त्याला उठू नको कसं सांगायचं?" जेवणानंतर कळलं की खरा कोर्स हा नव्हेच, खरा कोर्स तीन दिवसांचा असतो आणि आज नाव नोंदवलं तर डिस्काउंट. म्हणजे आम्ही पैसे भरून जाहिरात बघायला आलो होतो, आणि त्याचे पॉइंट तुम्ही दिलेत.

पैसा वाईट असं म्हणणारी मी नाही. प्रॅक्टिस चालवायला शिकवायलाच पाहिजे, कॉलेजात आम्हाला ते कोणी शिकवलं नाही, बीडीएसची चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, त्यात भाडं, लॅबचं बिल, पगार याबद्दल एक अवाक्षर नाही. पहिली तीन वर्षं माझ्याकडे असे दिवस असायचे की संध्याकाळच्या चार तासांत दोन पेशंट, त्यातला एक फक्त सुटे पैसे मागायला आलेला, जवळच्या मेडिकलवाल्यानं पाठवला म्हणून. तेव्हा कोणी मला बसवून सांगितलं असतं की चेअरचा एक तास तुला कितीला पडतो ते आधी काढ, भाडं, लाईट, ताईंचा पगार, हप्ता, सगळं धरून, तर दोन वर्षं तरी वाचली असती.

माझी प्रॅक्टिस चालली ती एका दोनशे पानी वहीवर. रिकॉलची वही. ज्याचं काम झालं त्याचं नाव, नंबर, आणि सहा महिन्यांनंतरची तारीख. महिनाअखेरीला ताई बसून फोन लावतात, "मॅडमनी बघायला बोलावलंय, पैसे नाही पडणार नुसतं बघायचे." निम्मे येत नाहीत. जे येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना काही करावं लागत नाही, पण ते येताना जावेला घेऊन येतात, आणि जावेच्या तोंडात मात्र काम असतं. दुसरी गोष्ट, एकाच्या जागी तीन हँडपीस, म्हणजे ड्रिल बसवायचे दांडे, घेतले, कारण एकच असला की तो प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्ह करणं, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणं, जमतच नाही, मग माणूस स्पिरिटनं पुसून काम चालवतो आणि स्वतःला समजावतो. ऑटोक्लेव्हची रोजची नोंद भिंतीवर लावली. एक आजी दर वेळी चष्मा लावून ती तारीख वाचतात, त्यांना काय कळतं माहीत नाही पण वाचतात. आणि खर्चाचा अंदाज कागदावर लिहून द्यायचा, मराठीत, त्यात "काहीच केलं नाही तर काय होईल" हा पण एक पर्याय लिहायचा, आणि तो कागद घेऊन माणसाला घरी जाऊ द्यायचं. जातात. परत पण येतात, सगळे नाही, पण येतात. हे शिकवा ना, मी पाच हजार भरून येते.

माझी पहिली तक्रार ही, की प्रॅक्टिस उभारणं आणि माणूस गटवणं यातला फरक तुमच्या शेड्यूलला कळत नाही.

दुसरी जरा मोठी आहे. ज्या विषयाचा बाहेर कंपनीचा स्टॉल लागू शकतो तोच विषय आत लेक्चरला असतो. गेल्या काही वर्षांची शेड्यूल मी काढून बघितली, फाईलमध्ये ठेवते मी सगळी. इम्प्लांट (दाताच्या जागी हाडात बसवायचं मूळ), अलाइनर (दात सरळ करायचे पारदर्शक साचे), लेझर, स्कॅनर, परत इम्प्लांट. इम्प्लांट वाईट नाही, स्वीडनच्या ब्रेनमार्कनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले तेव्हापासून लाखो लोक त्यावर जेवतायत. पण माझ्याकडे महिन्याला इम्प्लांटचे किती आणि किडलेल्या दुधाच्या दातांचे किती, हा हिशोब एकदा करा.

त्या दुधाच्या दातांसाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध आहे. कीड लागलेल्या जागी ब्रशनं लावायचं, ड्रिल नाही, सुई नाही, रडारड नाही, कीड बऱ्याचदा तिथेच थांबते. दात तिथे काळा पडतो, ते आईबापांना आधी फोटो दाखवून सांगावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, फ्लोराइडची टूथपेस्ट आणि दात भरायचं ग्लास आयोनोमर सिमेंट पण त्याच वर्षी घेतलं. यावर तुमचं एक सेशन झालेलं मला सापडलं नाही. का, तर एका छोट्या बाटलीत कितीतरी दात होतात. एवढ्याशा बाटलीसाठी कोण स्टॉल लावणार आणि कोण लंच देणार?

तोंडाच्या कॅन्सरचं पण तेच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि माझ्याकडे अजून असे पोरगे येतात ज्यांचं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही, आत आरसा घालायचा कसा हाच प्रश्न. आणि मिश्री. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या आमच्या बायका, सकाळी तव्यावर भाजलेली तंबाखू दाताला लावल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही, आणि त्यांना विचारलं तंबाखू खाता का तर म्हणतात छे, आमच्यात नाही चालत. मिश्री लावता का असंच विचारावं लागतं. एक काकू कॅप बसवायला आल्या होत्या, खालचा ओठ ओढून बघितला तर आत पांढरा चट्टा आणि त्यात मसुराएवढी लाल जागा. दुखत नव्हती म्हणून त्यांचं लक्षच नव्हतं. परळला टाटाला पाठवलं, मागे लागून पाठवलं, मुलाला फोन करून. लवकर सापडलं. लाल जागेचं महत्त्व मला कुठे कळलं होतं, तर बारा वर्षांपूर्वीच्या एका दोन तासांच्या सेशनमध्ये, सरकारी कॉलेजच्या एका सरांनी टॉर्च आणि गॉजचे दोन तुकडे घेऊन जीभ कशी बाजूला ओढून बघायची ते दाखवलं होतं. टॉर्च आणि गॉज. त्याचा पण स्टॉल लागत नाही.

तिसरी तक्रार, बघून कोणी शिकत नाही. २००९ मध्ये मी हॉटेलातलं एक रोटरी, म्हणजे मशीननं करायच्या, रूट कॅनलचं लेक्चर ऐकलं, तासाभराच्या रंगीत स्लाइड्स, आणि बाहेर येऊन त्याच संध्याकाळी हप्त्यावर मशीन घेतलं. तिसऱ्याच केसला फाईल, म्हणजे दाताच्या मुळातली नळी साफ करायची बारीक सुई, आत तुटली. आवाज वगैरे काही येत नाही हो, फाईल बाहेर येते ती आखूड असते एवढंच, आणि पोटात खड्डा पडतो. कंडक्टर होते ते, त्यांना एक्स-रेवर तो तुकडा दाखवला, सांगितलं माझ्याकडून झालंय, मुलुंडच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं आणि त्यांची फी मी भरली. वाकड्या कॅनलमध्ये फिरून फिरून निकेल-टायटॅनियमची फाईल आतून थकते आणि वरून काही दिसत नाही, म्हणून किती वेळा वापरली ते मोजायचं असतं, आधी हातानं बारीक फाईलनं वाट करून घ्यायची असते, हे त्या तासात कोणी बोललंच नाही. ते मी नंतर शिकले, एका कॉलेजच्या डिपार्टमेंटमध्ये, प्लास्टरमध्ये बसवलेल्या आठ काढलेल्या दाढांवर, रिटायर झालेले एक सर मागे उभे राहून हात धरून सांगत होते, "दाबू नको, ती आपणहून जाते." त्या सकाळचे पॉइंट शून्य, कारण तो काही मान्यताप्राप्त प्रोग्राम नव्हता.

हॉटेलातल्या खुर्चीत बसल्याचे पॉइंट मिळाले. वेबिनारचं तर विचारूच नका, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वेबिनारचा पूर आला होता तेव्हा मी स्वतः एक लेक्चर म्यूट करून भेंडी चिरली आहे, सर्टिफिकेट आलं, फाईलला आहे. कबूल करते. पण माझी भेंडी ही जशी माझी चूक तशी तुमच्या मोजपट्टीची पण.

आणि जे खरंच बदललंय ते आमच्यापर्यंत पोचत नाही. मी शिकले तेव्हा हृदयाच्या झडपेचा जरा कुठे दोष म्हटला की दात काढायच्या आधी दोन ग्रॅम अमॉक्सिसिलिन. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २००७ मध्ये हे कोणाकोणाला द्यायचं ती यादी एकदम छोटी केली, कृत्रिम झडपवाले, आधी झडपेला इन्फेक्शन होऊन गेलेले, जन्मजात ठरावीक गंभीर दोषवाले, असे सगळ्यात जास्त धोक्याचे तेवढे ठेवले. मला हे कळलं २०११ मध्ये, चहाच्या टेबलावर. चार वर्षं मी गरज नसलेल्या लोकांना अँटिबायोटिक देत होते. तसंच हृदयाच्या पेशंटना रक्त गोठू नये म्हणून चालू असलेल्या अ‍ॅस्पिरिनचं. आम्हाला शिकवलं होतं की दात काढायच्या आधी आठवडाभर बंद करायला सांगा. आता साधा दात काढायला कमी डोसची अ‍ॅस्पिरिन बंद करत नाहीत, कारण हिरडीतलं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं, पण गोळी बंद केल्यामुळे आलेला अ‍ॅटॅक कशानं थांबवणार? (पेशंट लोकांनो, हे वाचून मनानं काही करू नका, गोळ्यांची चिठ्ठी घेऊन या आणि दाखवा.) आजही आमच्या पट्ट्यात गोळी बंद करा म्हणणारे डॉक्टर आहेत. ते वाईट डॉक्टर नाहीत, त्यांना कोणी सांगितलेलं नाहीये, आणि त्यांचे पॉइंट मात्र पूर्ण आहेत.

बाकीचं पटकन उरकते. सगळं रविवारीच, आणि रविवारी सेंट्रलला मेगाब्लॉक, भांडुपहून मुलुंडला उलटं जाऊन फास्ट पकडायची आणि मग अंधेरीसाठी दादरला बदलायचं, नऊला रजिस्ट्रेशन, उशीर झाला तर हजेरीचा स्कॅन बंद. अंबरनाथ, बदलापूरच्या लोकांनी तर आदल्या रात्रीच यायचं का? ज्या बायकांची पोरं लहान आहेत त्यांच्यासाठी रविवारचा अख्खा दिवस म्हणजे काय हे कमिटीत एखाद्या मॅडमना तरी माहीत असेल. सगळं इंग्रजीत, ते चालतं आम्हाला, पण असिस्टंटसाठी काहीच नाही, ना इंग्रजीत ना मराठीत. त्या दिवशी काकांचे पाय मी उचलले नव्हते, ताईंनी उचलले होते. बारावी झालेल्या बाई, त्यांना हे कोणी शिकवलं तर त्यांच्या गावच्या आशाताईंनी.

आता मागण्या, साध्या भाषेत.

इमर्जन्सीचं हँड्स-ऑन याच सहामाहीत परत लावा. कॉलेजच्या हॉलमध्येच लावा, हॉटेल नको. पुतळे कमी पडतात तर आमच्या भांडुप-मुलुंड-कांजूरच्या ग्रुपमधले सतरा जण मिळून एक पुतळा विकत घ्यायला तयार आहोत, तुम्ही फक्त शिकवणारं माणूस आणि पॉइंट द्या. आणि पाच वर्षांतून एकदा तरी हे सेशन प्रत्येकाला सक्तीचं करा, बाकीचे पॉइंट कुठूनही आले तरी.

ज्या सेशनला कंपनीचा पैसा आहे त्याच्या पत्रिकेवर तसं ठळक लिहा, आणि स्पीकर त्या कंपनीकडून मानधन घेतात का ते पण. बंदी घाला म्हणत नाही. कळू दे एवढंच.

विक्री शिकवणाऱ्या सेशनला पॉइंट देऊ नका. ज्यांना जायचंय ते जातील. हिशोब, रेकॉर्ड, संमतिपत्र, स्टर्लायझेशन, रिकॉल, जैविक कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग आणि नोंदी, यावर प्रॅक्टिस मॅनेजमेंटचं सेशन ठेवा आणि त्याला जरूर द्या.

वर्षाच्या एकूण कार्यक्रमांत निम्मे तरी हातानं करायचे हवेत, आणि पॉइंट हे करून दाखवल्यावर, बसल्यावर नाही. नायर डेंटल कॉलेज आहे, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथे चेअर आहेत, शिकवणारे आहेत, मधल्या वारी दुपारी दोन तास दिलेत तर आमच्यासारख्यांना एक वेळची ओपीडी बुडवून येता येईल. रविवार ठेवायचाच असेल तर आधी मेगाब्लॉक बघा.

फी. एकच चेअर असलेल्यांना आणि पास होऊन तीन वर्षं न झालेल्यांना वेगळी ठेवा. नवी मुलं पंधरा-वीस हजारांवर दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये राबतायत, त्यांनी सहा हजार पाचशे कुठून आणायचे?

असिस्टंटसाठी वर्षातून दोन दिवस, मराठीत. आणि प्रत्येक सेशननंतर आम्ही जो फीडबॅक फॉर्म भरतो, तो जातो कुठे ते सांगा. आकडे ग्रुपवर टाका.

हे आत्ताच लिहितेय कारण १९४८ च्या डेंटिस्ट अ‍ॅक्टच्या जागी आणायचा नॅशनल डेंटल कमिशनचा कायदा २०२३ मध्ये संसदेत मंजूर झालाय, म्हणजे नियम नव्यानं लिहायची वेळ आहे, आणि वर तुमचं मत विचारलं गेलं तर तुम्ही आमच्या वतीनं काय सांगणार हे आम्हाला माहीत असायला हवं. महिनाभरात उत्तर द्या. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण कारणासकट, आणि ते कारण स्पॉन्सर नको.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी सर म्हणून ओळखते, काहींनी मला शिकवलंय. राग नाही. पण या वेळचे पाच हजार मी भरणार नाही.

आपली,
एक डेंटिस्ट, एक चेअर, भांडुप पश्चिम

ता. क. मागच्या जूनच्या प्रोग्रामच्या सर्टिफिकेटवर माझ्या नावामागे 'श्री.' छापलंय. तीन मेल केले. तेवढं बदलून द्या, रिन्यूअलला लागणार आहे.